ह्यांचं एकुलतं एक ‘नाय’

आमच्या ह्यांना नाही म्हणता येत नाही. कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतेय. दारावर कुणीही येवो, पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा असो की गॅसची शेगडी फुकटात तपासून देतो म्हणणारा, हे आधी ‘व्हय, व्हय’ म्हणतात, आणि तो माणूस नेमकं काय म्हणाला ते मग आत येऊन मला विचारतात. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, पैठणला धरणावरच्या ऑफिसात. रोज इथून एसटीनं जाणं-येणं. शेतकरी यायचे, साहेब पाणी कधी सुटंल म्हणून विचारायचे, आणि हे प्रत्येकाला ‘सुटंल की, सुटंल’ म्हणायचे. दरवाजे उघडायचं काम ह्यांच्याकडं नव्हतं, हे नुसतं टपाल बघायचे, म्हणून बरं. नाहीतर एवढं मोठं धरण ह्यांनी भिडेपोटी रिकामं करून दिलं असतं. मला बघायला आले तेव्हासुद्धा लगेच ‘व्हय’ म्हणाले होते. त्यात मी किती आवडले आणि सवयीचा भाग किती, हे मला अजून कळलेलं नाही.

असा माणूस कॉम्प्युटरसमोर बसला की काय होतं, ते मी बघितलंय. कॉम्प्युटर आमच्या पोराचा जुना. तो पुण्याला गेला आणि जाताना हा डबा आमच्याकडं ठेवून गेला. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल आहे, त्यावर तो असतो, आणि जुन्या पडद्याचं मी शिवलेलं झाकण त्याच्या अंगावर असतं. हे रिटायर झाल्यावर रोज आंघोळ-पूजा उरकून, शर्ट-पँट घालून त्याच्यासमोर जाऊन बसायला लागले. चपला फक्त घालत नव्हते. बातम्या वाचायच्या, धरणात पाणी किती टक्के आलं ते बघायचं, कुणाचा कुठला लेख वाचायचा, असं दुपारपर्यंत चालायचं.

आता इंटरनेटवर कुठलंही पान उघडलं की वरच्या कोपऱ्यात एक चौकट येते, हे तुम्हाला माहीतच आहे. आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का, म्हणून विचारते. खाली दोन बटणं, अनुमती द्या आणि ब्लॉक करा. शहाणा माणूस ब्लॉक करतो, किंवा बघितलं न बघितल्यासारखं करतो. आमचे हे अनुमती देतात. प्रत्येकाला. मी एकदा म्हणलं, अहो, कशाला सगळ्यांना घरात घेताय?

‘बिचारं विचारतंय तरी,’ हे म्हणाले. ‘न विचारता घुसणारे काय कमी हायेत का?’

परिणाम असा झाला की आमचा ब्राउझर म्हणजे लग्नघराचा मांडव झाला. एक पान उघडायचं तर चार आपोआप उघडायची. कोपऱ्यात सारखं टुंग करून काहीतरी वर यायचं. राशिभविष्य, क्रिकेट, पोट कमी करायचा काढा. डोक्यावर एक केस नसलेल्या माणसाला केस गळतीचं तेल. एकदा तर कुणीतरी कळवलं की आपल्यासाठी एक उत्तम स्थळ आहे. मी म्हणलं, त्यांनाही व्हय म्हणून टाका. ह्यांनी खरोखर माऊसकडं हात नेला, आणि मग माझ्याकडं बघून मागं घेतला. कुठल्याशा पानानं विचारलं, तुम्ही सध्या कुठं आहात ते आम्हाला कळू द्याल का? ह्यांनी तेही कळू दिलं. राहतो ते सांगायला काय लाज, म्हणे.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, कारण कॉम्प्युटरशी माझं काही काम नव्हतं. मग ते पडलं.

मी मराठीची शिक्षिका होते. माझ्या वर्गाला लागून आपला वर्ग नको म्हणून बाकीच्या बाया हेडमास्तरांकडं जायच्या, असा माझा आवाज. रिटायर झाले आणि त्याच वर्षी माझी आई गेली. आई पैठणला असायची, भावाकडं. रोज संध्याकाळी भाजी निवडायला बसले की तिला फोन लावायचा, हा माझा नेम होता. इकडं माझी मेथी, तिकडं तिची. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या सुनेनं काय केलं, सगळं व्हायचं. शाळा गेली, आई गेली, आणि एवढा आवाज घेऊन मी घरात बसून राहिले. ह्यांच्याशी बोलावं तर हे सगळ्यालाच व्हय म्हणतात. त्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

अशात शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीनं सांगितलं की परदेशात राहणारी काही मराठी कुटुंबं मिळून आपल्या पोरांना दर रविवारी कॉम्प्युटरवरून मराठी शिकवतात, त्यांना एक बाई पाहिजेत. माझं नाव तिनं परस्पर देऊनही टाकलं. त्यांचा फोन आला. मी आणि आणखी एक बाई, दोघींचा एकेक वर्ग ते बघणार होते, आणि दोघींतली एक घेणार होते. सरळ सांगते, मला तो वर्ग हवा होता. कुणीतरी समोर बसून माझं ऐकावं असं मला फार वाटत होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. मी ‘ळ’ शिकवायचं ठरवलं. तिकडच्या पोरांना ळ येत नाही, सगळं ल होतं, बाळाचं बाल आणि केळ्याचं केलं. फळा, शाळा, केळं, आभाळ, असे शब्द काढून ठेवले. ळ काही चित्र दाखवून शिकवता येत नाही. तो ऐकवावाच लागतो.

वर्ग रविवारी दुपारी. आदल्या दिवशी सकाळी तिकडच्या व्यवस्था बघणाऱ्या बाई म्हणाल्या, एकदा जोडून बघू. त्यांनी लिंक पाठवली, मी नवीन साडी नेसून बसले, ह्यांनी पान उघडून दिलं. चित्र आलं. त्या दिसल्या, मी त्यांना दिसले. मी नमस्कार केला, बोलायला लागले. त्यांनी कानाला हात लावला.

‘ताई, तुमचा आवाज येत नाहीये.’

आयुष्यात हे वाक्य मला पहिल्यांदाच कुणी म्हणालं असेल. मी आवाज वाढवला. त्यांनी मान हलवली. मी आणखी वाढवला. शेजारच्या आपा दारात आल्या. त्यांचं घर आणि आमचं घर एकाच भिंतीला धरून आहे, आणि इतक्या वर्षांच्या शेजारानं आम्ही एकमेकींचं मीठ-मिरची वेगळं मानत नाही. ‘क्या हुआ टीचर,’ आपा म्हणाल्या, ‘किसकू डांट रै सुबे सुबे?’

तिकडच्या बाई फार सभ्य. त्यांनी पडद्यावर लिहून कळवलं की उद्या वर्गाच्या आधी हे दुरुस्त करून घ्या, मोबाईल चालणार नाही कारण पोरांना फळा मोठा दिसायला हवा, आणि जमलं नाही तर काही हरकत नाही, मग आपण दुसऱ्या ताईंचं बघू. काही हरकत नाही, हे त्यांच्यासाठी होतं. मला हरकत होती.

ह्यांनी दुरुस्ती सुरू केली. ह्यांची पद्धत अशी की आधी सगळ्या वायरी हलवायच्या, मग यंत्र ओल्या फडक्यानं पुसायचं, मग बंद करून ठेवायचं. ‘जरा इश्रांती दिली की येतंय,’ हे म्हणाले. धरणावरचे पंप बहुतेक असेच चालायचे. विश्रांती झाली, चहा झाला, आवाज आला नाही. मग पोराला फोन लावला. पोरगं कामात होतं. म्हणालं, ‘आई, तो माईक गेलेलाच आहे गं. मागं एकदा बाबांनी मला त्याच्यावरून लावलं होतं ना, आजी गेल्यानंतर? तेव्हासुद्धा आवाज येत नव्हता, नुसते बाबा दिसत होते. म्हणून तर मी म्हणलं मोबाईलवरच बोलू. नवा हेडफोन आणा, माईकवाला.’

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी कान खाजवला, व्हय व्हय म्हणाले आणि लगेच पायात चपला सरकवून निघाले.

हे शहागंजला गेले, तिथंच माझं चुकलं. शहागंजच्या बाजारात ह्यांना एकट्यानं सोडू नये. हे परत आले तेव्हा हातात हेडफोन होता, कपड्यांचे चिमटे होते, डास मारायची बॅट होती आणि लहान मुलींच्या केसांना लावायच्या फुलपाखरांच्या क्लिपा होत्या. आमच्या घरात लहान मुलगी नाही. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, ‘पोरगं लई मागं लागलं होतं.’ कोण पोरगं, कुणाचं पोरगं, मी विचारलं नाही. हेडफोन लावला.

आता तपासायचं कसं? आपांच्या मोबाईलवर मी लिंक पाठवली. म्हणलं, आपा, तुम्ही तुमच्या घरात बसा, मी इथून बोलते, आवाज येतो का सांगा. आपा गेल्या. पडद्यावर त्यांच्या ओढणीचा काठ आणि छताचा पंखा दिसायला लागला. मी म्हणलं, ‘आभाळ. आ, भा, ळ. आपा, येतोय का?’

‘हौ टीचर,’ आपा म्हणाल्या, ‘आ रई ना आवाज. एकदम साफ आ रई.’

मी ह्यांच्या पाठीवर थापच मारली. ह्यांनी हेडफोनकडं असं बघितलं, जसा तो ह्यांनीच बनवलाय. मी चहा टाकला. आपांना म्हणलं, थांबा, जरा हळू बोलून बघते, पोरं लहान आहेत. हळू बोलले.

‘अब नै आ रई,’ आपा म्हणाल्या.

मोठ्यानं बोलले, आली. हळू बोलले, गेली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी उठून त्यांच्या घरी गेले. आपा बरोबर आमच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोबाईल मांडीवर तसाच पडलेला, आणि त्याचा आवाज पूर्ण बंद. माझा ळ त्यांना भिंतीतून ऐकू येत होता. ‘आवाज तो आवाज है,’ आपा म्हणाल्या, ‘किधरसे बी आने दो.’ त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांना मोबाईलचा आवाज चालू करून दिला आणि गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीपाशी पाठवलं. तिथून त्यांनी फोनवर कळवलं की मुंडी हिल रई, आवाज नै. दळायला आलेल्या बायाही म्हणे बघायला लागल्या होत्या.

पोराला पुन्हा फोन. आता पोरगंही चिडायला आलं होतं. म्हणालं, आई, तुमच्या ब्राउझरमधे इतका कचरा आहे की त्यात आवाज कुठं अडकलाय ते देवाला ठाऊक. आधी त्या सगळ्या सूचना बंद करा. सेटिंगमधे कसं जायचं ते त्यानं सांगितलं, मी तसं तसं करत गेले. हे शेजारी खुर्ची घेऊन बसले. मी एकेकाला काढायला लागले तशी ह्यांची घालमेल व्हायला लागली. पोट कमी करणारा काढला, हे गप्प. स्थळवाला काढला, हे जास्तच गप्प. राशिभविष्याला हात घातला तर म्हणाले, ‘त्याला राहू दे की. रोज सकाळी शुभ प्रभात म्हणतंय.’

‘मी म्हणत जाईन उद्यापासून,’ मी म्हणलं आणि तेही काढलं.

पान झक्क उघडायला लागलं. टुंग नाही, फुंग नाही. आवाज मात्र नाहीच. त्या संध्याकाळी मी जेवण जेवले की नाही ते आठवत नाही. हे माझ्यामागं मागं फिरत होते आणि होईल गं, होईल गं म्हणत होते. सुटंल की, सुटंल, त्यातलाच प्रकार. माझं डोकं आणखी फिरत होतं. मनात त्या दुसऱ्या बाईंचा आवाज कसा असेल ते येत होतं. बारीक असेल, गोड असेल आणि त्यांच्या घरात असा नवरा नसेल.

रविवारी सकाळी स्वयंपाक तसाच टाकून मी पुन्हा बसले. हे पूजा करत होते. मी ती कालची लिंक उघडली आणि शाळेत पोरांना सांगायचे तसं स्वतःला सांगितलं, की आधी प्रश्न नीट वाच. पानावर जे जे दिसत होतं ते ते वाचायला लागले. वर पत्ता लिहिलेला असतो, त्याच्या डाव्या बाजूला एक बारकं चिन्ह होतं. इतके दिवस मला ती नुसती नक्षी वाटायची. त्यावर दाबलं. एक चौकट उघडली. त्यात लिहिलं होतं, कॅमेरा, अनुमती दिली आहे. त्याच्या खाली, मायक्रोफोन, ब्लॉक केला आहे.

मी दोनदा वाचलं. माईक बिघडलेला नव्हता. कुणीतरी त्याला नाही म्हणलं होतं. आणि ह्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघंच.

‘अहो,’ मी हाक मारली. कशी मारली ते आपांना विचारा. हे हातात घंटी घेऊनच बाहेर आले.

‘हे तुम्ही केलंत?’

ह्यांनी चष्मा लावून वाचलं. मी तोवर थांबले नाही. म्हणलं, सगळ्या दुनियेला व्हय म्हणता. काढेवाल्याला व्हय, तेलवाल्याला व्हय, डासाच्या बॅटवाल्याला व्हय. आणि जन्मात एकदा कुणाला नाही म्हणालात, तर ते घरच्या बाईच्या आवाजाला? काल दिवसभर मी बोंबलतेय, आपा गिरणीपाशी उभ्या राहिल्या, आणि तुम्ही फडक्यानं पुसताय? मी लई बोलले. शाळेत गृहपाठ न आणणाऱ्यालाही इतकं बोलले नसेन.

हे घंटी तशीच हातात धरून उभे होते. म्हणाले, ‘मला वाटलं, त्या दिवसापुरतंच असंल.’

‘कुठल्या दिवसापुरतं?’

‘ह्याच पानावरनं पोराला लावलं होतं बघ, तुझी आई गेल्यावर. हे तेव्हाच विचारत होतं, बोलणं ऐकू का म्हणून. मी नाय म्हणलं. आपलं नाय इतके दिवस कोण ध्यानात ठेवतंय, मला काय माहीत.’

‘पण नाय कशाला म्हणलात? पोराशीच तर बोलायचं होतं.’

ह्यांनी घंटी टेबलावर ठेवली. माझ्याकडं न बघता, पडद्याकडं बघत म्हणाले, ‘तू आत मेथी निवडत होतीस. आईशी बोलत होतीस. रोज बोलायचीस तसं. इथपर्यंत ऐकू यायचं. म्हणलं, पोराला कशाला जावं ते. कुणालाच कशाला. तुमचं दोघींचं होतं.’

खरं होतं. आई गेल्यावर कितीतरी दिवस मी भाजी घेऊन बसले की बोलायचे. फोन नुसता बाजूला ठेवायचे, न लावता, आणि बोलायचे. ते मी मनात बोलते असं मला वाटायचं. माझा आवाज मनातसुद्धा हळू निघत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ह्या माणसानं ते रोज संध्याकाळी ह्या खुर्चीत बसून ऐकलं होतं आणि मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. पोरासमोर मुक्यासारखा हात हलवत बसला, माईक खराब आहे म्हणलं तर त्यालाही व्हय म्हणला, पण बोलला नाही. मला रडायला आलं, आणि मी रडले. ती नवीन साडी आज अजून नेसायची होती म्हणून बरं.

‘वर्ग हाय ना गं दुपारी,’ हे म्हणाले. ‘मग दाब की ते.’

मी माऊस ह्यांच्यापुढं सरकवला. म्हणलं, तुम्हीच दाबा, नाय तुम्ही म्हणलं होतं. ह्यांनी त्या ब्लॉकवर जाऊन अनुमती दिली. जगातल्या एकाही पानाला अनुमती देताना ह्यांनी इतका वेळ लावला नसेल.

दुपारी वर्ग झाला. तिकडच्या बाईंनी पहिल्याच वाक्याला कान धरला आणि हसत म्हणाल्या, ‘ताई, थोडं हळू बोललात तरी चालेल.’ पलीकडं छोट्या छोट्या चौकटीत पोरं होती. केलं, शाला, आभाल, सगळी गाडी ल वरून हलेना. मी जीभ मागं कशी न्यायची ते दाखवलं, स्वतःच्या तोंडात बोट घालून दाखवलं. शेवटी शेवटी एका पोरीच्या तोंडून केळं निघालं. खरं, जाड, आपल्याकडचं केळं. ती स्वतःच दचकली. हे वर्ग संपेपर्यंत स्वयंपाकघरात बसून होते. कुकर लावला नाही, नळ सोडला नाही, दार वाजलं तर धावत जाऊन आलेल्याला, मला आपांनी नंतर सांगितलं, हातानंच परत पाठवलं. चार दिवसांनी तिकडून निरोप आला, की पुढच्या रविवारपासून तुम्हीच.

पण मला सांगायचंय ते त्याच रविवारच्या संध्याकाळचं. मेथीची जुडी घेऊन मी आत बसले होते. हे बाहेर कॉम्प्युटरसमोर, धरणाचं पाणी बघत. पानं खुडता खुडता माझ्या तोंडून आलंच, ‘आई, आज एका पोरीला ळ आला बघ.’ आणि मी थांबले. आता मला माहीत होतं, बाहेर ऐकू जातं.

बाहेर माऊसचा बारीक आवाज झाला.

‘माईक बंद केलाय गं मी,’ हे म्हणाले. ‘तू बोल.’